लाजणारं पाणी

या रे, गोधडीत शिरा. चुळबुळ करायची नाही, नाहीतर गोष्ट अर्ध्यावर थांबेल, बरं का!

एकदा काय झालं, एका राजाची सात वर्षांची लेक पाणीच पिईना. बकुळा तिचं नाव. भारी लाजाळू. कुणी नुसतं नाव विचारलं की गाल लालबुंद! मग सगळा दरबार खो खो हसायचा. मेल्यांना हसायला काय झालं होतं? शेवटी ती रुसली. म्हणाली, "लाजणारं पाणी आणा. तेच पिईन."

वैशाखाचं ऊन. पोरीचे ओठ सुकले. राजा कासावीस झाला. मग प्रधानानं कोकमाचं सरबत आणलं. बकुळा म्हणाली, "हे तर आधीपासूनच लाल आहे." मग राणीनं वाळ्याचं पाणी आणलं. ते काही लाजेना. मग आली गोजरा माळीण. म्हणाली, "मी पाजते. आमच्या घरी पाणी रोज लाजतं."

गोजरानं जास्वंदीची पाच लाल फुलं तोडली. देठ काढले, मधले तुरे काढले, नुसत्या पाकळ्या ठेवल्या. प्रधान म्हणाला, "चांगलं खळाखळा उकळ की!"

"तुम्ही गप बसा हो," गोजरा म्हणाली.

तिनं कढत पाण्यात पाकळ्या टाकल्या, वर झाकण ठेवलं. मग गाळून निवू दिलं, खडीसाखर विरघळवली. कालच्या पावसातल्या गारा तिनं फडक्यात बांधून भुशात जपल्या होत्या, त्या टाकल्या. पेला गारेगार झाला.

पण रंग कसला? जांभळट, शाई सांडल्यासारखा! दरबार पुन्हा हसला. बकुळाचे डोळे भरून आले. "हसा, हसून घ्या," गोजरा म्हणाली, आणि तिनं वरून लिंबू पिळलं.

अगं बाई! पाणी लाजलं की! आधी गुलाबी, मग लालचुटुक, अगदी बकुळाच्या गालांसारखं. इतकं देखणं दिसत होतं की कुणाला हसूच येईना.

बकुळानं पेला दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा संपवला. "आणखी दे!" म्हणाली. तेही सगळ्यांसमोर, मोठ्यानं!

राजाला आनंद मावेना. "गोजरा, काय देऊ तुला?"

"मला काही नको, महाराज. ही लाजली तर कुणी हसायचं नाही, एवढं बघा."

मग तसंच झालं. राजा, राणी, बकुळा, गोजरा, सगळी सुखात नांदली. प्रधानसुद्धा, हो. अगं, तू का लाजतेस? कुणी नाही हसत. चला, मिटा डोळे.