बाटलीचा दम

बाटली कशाने फुटते, सांगाल?

मठात येणाऱ्या प्रत्येक नव्या ब्रदरला फादर पास्कोल हा प्रश्न विचारीत. वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत तो लहानसा मठ होता. तेथे पालक संताच्या सणाला पंगत बसे आणि तळघरात केलेली जवाची बिअर वाढली जाई. वर्षातून एकदाच, आणि प्रत्येकाला एकच पेला.

ब्रदर इनासने चटकन उत्तर दिले होते, "साखर जास्त झाली की, फादर."

"अर्धे उत्तर."

"आणि उरलेले?"

फादर नुसते हसले.

यंदा बिअर इनासच्या हाती सोपवली होती. फादरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पहिला पेला मात्र तेच चाखत आणि बिअर साधली असेल तर साऱ्या पंगतीदेखत दोनच शब्द बोलत, "दम आहे." बिअरमध्ये फसफसणाऱ्या वायूला मठात दम म्हणत. ज्याच्या बिअरला ते दोन शब्द मिळतील, त्याच्या हाती तळघर, असे फादरांनी सांगून ठेवले होते.

इनासला ते शब्द हवे होते. पंगतीला त्याचे वडील बस्त्याव येणार होते. मुलाने घर सोडले तेव्हा ते म्हणाले होते, "देवाची सेवा करशील खरा, पण तुझ्या हातचे ताकसुद्धा धड होत नाही रे."

काम नेटके सुरू झाले. मोड आणून वाळवलेले जव भरडून कढत पाण्यात मुरवले. ते पाणी गाळून, हॉप्सची कडू फुले घालून उकळले.

"आता निवू दे," फादर म्हणाले. "कढत्यात यीस्ट टाकलेस तर ते मरेल. आणि पिंप, नळी, हात... वेदीजवळ जाताना असावेत तसे स्वच्छ ठेव."

निवल्यावर यीस्ट टाकले आणि पिंपाला झाकण लागले. झाकणातून निघालेल्या नळीचे टोक पाण्यात बुडवले. त्यातून वायू बाहेर पडे, हवा मात्र आत शिरत नसे. पाण्यात बुडबुडे येऊ लागले आणि इनासचा हात पुन्हा पुन्हा झाकणाकडे जाऊ लागला.

"इनास!"

"नुसता वास घेत होतो, फादर."

"बाळंतिणीच्या खोलीत कोणी घटकेघटकेला डोकावते का? यायचे ते येईल. दम धर."

बुडबुडे मंदावले. सण जवळ आला. इनास बाटल्या धुऊन तयार बसला.

"बुडबुड्यांवर विसंबू नकोस," फादर म्हणाले. "काटा सोड."

काटा म्हणजे रेघा आखलेली काचेची तरंगती नळी. यीस्ट साखर खात जाते तसतसा काटा खाली बुडत जातो.

"आज जेथे उभा आहे, तेथेच तो परवाही उभा राहिला, तर यीस्टचे जेवण आटोपले. मग बाटलीत मोजकी साखर घालून बूच लावायचे. तेवढ्यावर दम धरतो. पहिल्या ताटावरून ते उठले नाही तोच दुसरे ताट वाढलेस, तर..."

फादरांनी मूठ आवळली आणि फटकन उघडली.

तिसऱ्या दिवशी इनासने काटा सोडला. तो आणखी बुडाला होता. फार नाही... रेघभर.

बाटलीत दम यायलाही दिवस लागतात. आता थांबलो, तर पंगतीला बिअर सपक जाणार.

"काटा थांबला?" फादरांनी जिन्यावरून विचारले.

"थांबला, फादर."

"बरे झाले. आता तुझे डोळे तेच माझे."

इनासने बाटल्या भरल्या आणि पत्र्याची बुचे ठोकली. एक बाटली मात्र प्लास्टिकची होती. ती घट्ट लागली की दम आला, हे हाताला कळे.

थोड्याच दिवसांत फादर भिंत चाचपत तळघरात उतरले. त्यांनी ती बाटली दाबून पाहिली. ती दगडासारखी झाली होती, हवी त्याहून कितीतरी घट्ट.



"इनास, एक खुर्ची आण."

खुर्ची बाटल्यांच्या फळीला लागून ठेवायला लावून फादर तिच्यावर बसले. बाटल्यांकडे पाठ. हातात जपमाळ.

"फादर, वर चला. येथे गारठा आहे."

"मला बरे वाटते येथे."

"येथे... बसू नका."

"का रे? काटा थांबला होता ना?"

एक मणी सरकला. मग दुसरा. इनासला फादरांची सुरकुतलेली मान दिसत होती आणि तिच्या मागे बाटल्यांची रांग.

"थांबला नव्हता, फादर! मी खोटे बोललो... उठा!"

फादर तरुणासारखे उठले. "मग चल लवकर. मलाही आणखी दम धरवला नसता."

दोघे जिना चढले. दार लावले, तोच आतून आवाज आला. फट्! मागोमाग दुसरा.

"आता सांग," फादर धापा टाकीत म्हणाले. "बाटली कशाने फुटते?"

"खोट्याने, फादर."

"नाही रे, बाळा. तिला आपले बूच आपल्या हाताने काढता येत नाही म्हणून."

इनास गुडघे टेकून बसला. "दंड सांगा."

"पंगतीला पाणी तू वाढ. बिअर का नाही, असे जो विचारील त्याला कारण सांग. पुरते सांग."

फुटायच्या त्या बाटल्या फुटल्या. तळघर शांत झाल्यावर उरलेल्यांची बुचे दोघांनी अंगावर जाड ओली गोणपाटे घेऊन काढली. बिअर फेसाळून वर उसळली आणि मोरीत वाहून गेली.

सणाच्या दिवशी इनास पाण्याची घागर घेऊन पंगतीत फिरला. विचारणारे पुष्कळ निघाले. प्रत्येकाला त्याने सांगितले.

बस्त्याव हसले. "काय रे, ताकाचीच गत झाली?"

"नाही, बाबा. बिअर होत होती. काटा थांबला नव्हता, आणि थांबला असे मी फादरांना सांगितले."

बस्त्यावांचे हसू मावळले. त्यांनी पेला पुढे केला. "वाढ."

शेवटी फादर पास्कोल उरले. दरवर्षी पहिला पेला त्यांचा असे. यंदा त्यांनी तो पालथा घालून ठेवला होता. इनास जवळ येताच त्यांनी तो सुलटा केला आणि काहीच ठाऊक नसल्यासारखे मोठ्याने विचारले,

"काय, ब्रदर, यंदा बिअर नाही?"

इनासने त्यांचा पेला पाण्याने भरला.  मग त्याने सांगितले. पहिल्यापासून, पुरते.

फादर सारे पाणी प्यायले. रिकामा पेला त्यांनी हलकेच खाली ठेवला आणि पंगतीकडे वळून म्हणाले,

"दम आहे."