मिशीवरचा पोहा

"ताई, 'ठीक आहे' म्हणजे नेमकं काय समजायचं हो?"

ओजसने लॅपटॉप शरयूताईंच्या टेबलावर ठेवला. ऑफिसातली निम्मी पोरं कोड लिहायला ताईंकडेच शिकलेली. त्यांत ओजस सगळ्यात हुशार, आणि ही गोष्ट त्याला जरा जास्तच ठाऊक होती.

"कोण म्हणालं 'ठीक आहे'?"

"जुबेदा. माझा कोड तिनं तपासला आणि खाली एवढंच लिहिलं. पूर्वी किती कमेंट टाकायची!"

"मग तू काय करायचास?"

"उत्तरं द्यायचो. एकेक कमेंट खोडून काढली, ताई. एक सोडली नाही."

"वा! जिंकलास की."

ओजस काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

"सोमवारी हा कोड हॉस्पिटलात चालू होणार. पेशंटच्या औषधाचा डोस त्यावर ठरणार. त्यात माझं काही चुकलं असेल, तर... मला कोण सांगणार?"

ताईंनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. पर्समधून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला.

"मिशीला पोहा लागलाय."

ओजसने फोनच्या काळ्या काचेत पाहिलं. चांगला पिवळाधमक पोहा, सकाळच्या नाश्त्याचा! आणि हीच मिशी घेऊन त्याने मीटिंगमध्ये अख्ख्या टीमला अक्कल शिकवली होती.

"सकाळपासून? मग कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी सांगणार होते," शेजारच्या टेबलावरून जुबेदा म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ दे. तू म्हणाला असतास, आज मी पोहे खाल्लेच नाहीत."

ताई खुदकन हसल्या. ओजसचे कान लाल झाले, आणि मग त्यालाही हसू आवरेना. जुबेदाशी असं हसून किती दिवस झाले होते, हे आठवून त्याला वाईटही वाटलं.

रुमाल हातात तसाच धरून त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पुन्हा बघतेस? खरंखुरं."

जुबेदाने एकदा ताईंकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. थोड्या वेळाने तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"इथे लहान मुलाचं वजन भरायचं राहिलं, तर त्याला मोठ्या माणसाचा डोस जाईल."

ओजसने ती ओळ पुन्हा वाचली; तिचं म्हणणं खरं होतं. तरी सवयीनं तोंड उघडलंच.

"पण वजन भरायचं काम तर नर्सचं..."

"ओजस..." ताई म्हणाल्या. "आधी मिशी पूस."