भाकरीआडचा सूर्य

“महाराज, इथे सूर्य मावळतो तरी कधी?”

“श्रावणात,” केरोबा गोसावी म्हणाले आणि त्यांनी भाकरी उलटली.

नरहरपंत खासनीस मटकन खाली बसले.

नॉर्वेच्याही वरच्या अंगाला, भर समुद्रात बेटांची ही माळ. झाड औषधालाही नाही. घरांच्या छपरांवर गवत आणि त्या गवतावर मेंढ्या. केरोबा मूळचे आपल्या नेवाशाकडचे. गुरूंनी त्यांना “उत्तरेला जा” म्हणून सांगितलं आणि थांबायचं कुठे ते सांगायच्या आतच देह ठेवला. बाकीचे शिष्य हिमालयात थांबले. केरोबा पडले आज्ञाधारक. ते चालत राहिले.

पंतांना मंत्र घ्यायचा तो त्यांच्याकडूनच. त्यासाठी ते वाईहून इथवर आले होते. पण केरोबा उपाशी माणसाला मंत्र देत नसत, आणि पंत दिवस मावळल्याशिवाय अन्नाला शिवत नसत. तरुणपणापासूनचं व्रत. पंत पाटावर बसले की वाईतल्या बायका सांजवात लावत, असं खुद्द पंतच सांगत.

इथे सूर्य घाण्याच्या बैलासारखा आभाळाच्या कडेकडेने नुसता फिरत होता. मगाशी तो पार पाण्याला टेकला. पंतांनी घाईघाईने चित्राहुती घातल्या, तळहातावर पाणी घेतलं…

सूर्य पुन्हा वर निघाला.

छपरावरची मेंढी खाकरली.

भूक विसरावी म्हणून पंतांनी विषय बदलला. “या बेटांचा इतिहास काय, महाराज?”

“एका साधूला एकांत हवा होता. तो या बेटावर आला.”

“बरं.”

“इथे एकांत फार चांगला मिळतो, असं दुसऱ्या साधूच्या कानावर गेलं. तोही आला.”

“मग?”

“एकांतावरून भांडण. दुसरा पलीकडच्या बेटावर गेला. मग तिसरा आला. अशी माळ वसली.”

“आणि पुढे?”

“पुढे लुटारू आले. गलबतं भरून.”

“साधूंचं काय लुटलं त्यांनी?”

“एकांत. दुसरं होतं काय?”

पंत हसायला गेले, पण पोटातून भलताच आवाज आला. “आता कोण राहतं?”

“मेंढ्या. त्यांचा कशालाच हट्ट नाही.”

खाली धक्क्यावर मासेमाराने शिंग फुंकलं. होडी निघायची वेळ झाली. ही चुकली की पुढची श्रावणात.

पंत उठले. बसले. परत उठले. व्रत घेऊन निघावं तर मंत्र गेला. मंत्र घ्यावा तर व्रत गेलं. श्रावणापर्यंत वाट बघावी, तर मंत्र घ्यायला उरणार कोण?

“महाराज, आधी मंत्र द्या. वाईत पोचलो की जेवतो.”

“भरल्या पोटी मंत्र विसरतो माणूस. रिकाम्या पोटी तो ऐकतच नाही.”

“मग काही तोड काढा!”

केरोबांनी तव्यावरची जवाची भाकरी उचलली आणि पंतांच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. चांगली वाफाळती, पदर सुटलेली.

“काय दिसतं?”

“…भाकरी.”

“सूर्य?”

“नाही दिसत.”

“झालं तर मग. जेवा.”

पंतांच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढे झाला… आणि मागे आला.

“ही फसवणूक झाली, महाराज! भाकरीमागे तो आहेच की! अहो, माझं व्रत म्हणजे काय थट्टा आहे? अख्खी वाई माझ्याकडे बघून दिवे लावते!”

“आज लावले नसतील?”

“अं?”

“तुम्ही इथे. पाट तिथे रिकामा. वाईत अंधार असेल बिचाऱ्यांच्या घरी.”



शिंग पुन्हा वाजलं. होडी सुटली. पंतांनी तिच्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग भाकरीकडे. ती निवत चालली होती.

“पण महाराज,” पंत अगदी बारीक आवाजात म्हणाले, “कोणीतरी मावळायला तर हवं ना?”

केरोबांनी भाकरी मोडली. अर्धी पंतांच्या हातावर ठेवली.

“हवं ना. सूर्याला सवड नाही, पंत. तुम्ही मावळा… दही घ्या.”