उजव्या शेडमधली कोंबडी

पोल्ट्री कंपनीच्या डॉक्टर खासनीसांना सगळं माहीत असायचं, एवढंच त्यांचं दुखणं. सुंदराबाई ढोकळे त्यांच्या कंपनीची कोंबडीची पिल्लं दोन शेडमध्ये वाढवत. एकीला कंपनीचं औषधी खाद्य, दुसरीला साध्या खाद्यात वाटलेला ओवा, लसूण आणि शेवग्याचा पाला. हे कळताच डॉक्टर जीप घेऊन थेट दारात आले. पाला कुठल्या शेडला जातो, हे विचारायची त्यांना गरजही वाटली नाही.

"हा फोडणीचा कारभार बंद करा! नाहीतर पुढची पिल्लं विसरा. पाल्यावर कुठं कोंबडी भरते?"

"बंद करते, साहेब," सुंदराबाई म्हणाल्या. "पण आलाच आहात तर नेहमीसारखी घरासाठी एक कोंबडी न्या. तुमच्या पसंतीची."

डॉक्टर या कामात मुरलेले. दोन्ही शेड फिरले, पंख उचलून पाहिले, छाती चाचपली, आठ-दहा नापसंत केल्या आणि उजव्या शेडमधली एक तुकतुकीत कोंबडी काखोटीला मारून बाहेर आले.

"डावीकडे तुमचं औषध आहे, साहेब, आणि उजवीकडे माझा पाला," सुंदराबाई म्हणाल्या. "आता सांगा, बंद काय करू?"

डॉक्टर जीपकडे वळले. कोंबडी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.