टिटवी आणि वाघाच्या पाळीचा हिरवा दिवा

एका जंगलात उरलेल्या एकुलत्या एका पाणवठ्याच्या काठी एक टिटवी राहत असे, आणि तिला उठताबसता काळजी लागलेली असे. मुलांनो, काही जण काळजी करण्यासाठीच जन्माला येतात, त्यातलीच ही. वारा पडला तरी तिला धास्ती, वारा सुटला तरी धास्ती. जंगलाने मात्र तिच्या या स्वभावाचा उपयोग करून घेतला होता आणि तिच्याकडे टेस्ट लिहिण्याचे काम दिले होते.

त्याचे असे झाले, की उन्हाळ्यात बाकीची तळी आटली आणि सगळे एकाच पाण्यावर येऊ लागले. रोज मारामाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा वानराने प्रत्येक कळपासाठी एक वेबपेज तयार केले. पेजवर एक पट्टी होती. तिच्यावर क्लिक केले की खाली यादी उघडायची, म्हणजे ज्याला ड्रॉपडाउन म्हणतात ते. यादीत पाच पाळ्या होत्या : पहाट, सकाळ, दुपार, तिसरा प्रहर आणि सांज. उजाडल्यावर ज्याने त्याने आपली पाळी निवडायची, पहाट हवी असेल तर ती दुसऱ्या दिवशीची, आणि निरोप आला की पाण्यावर जायचे. वाघ रोज सांज निवडत असे, त्यामुळे बाकीचे शहाणपणाने सांज सोडून देत.

पेज बरोबर चालते की नाही, हे टिटवी आधी स्वतः चोचीने क्लिक करून पाहायची. पण पेज वाढत गेली आणि चोच दुखू लागली. मग तिने आपोआप चालणारी टेस्ट, म्हणजे तिच्याऐवजी क्लिक करून पेज तपासणाऱ्या सूचना, लिहिली. हरणांच्या पेजसाठी तिने लिहिले, 'यादी उघड, वरून पाचव्या ओळीवर क्लिक कर, सांज असे दिसले तर हिरवा दिवा लाव, नाही दिसले तर लाल.' दिवा हिरवा लागला. तीच टेस्ट तिने रानडुकरांसाठी कॉपी केली, मग सशांसाठी, मग माकडे, मोर, बिबट्या आणि वाघासाठीही. एकच टेस्ट नीट लिहून ती सगळीकडे वापरावी, असे तिच्या मनात आले होते. पण काम निभावते आहे म्हटल्यावर तिने ते उद्यावर ढकलले. काळजी करण्यात तिचा दिवस असा जायचा, की काळजी मिटवायला वेळच उरायचा नाही.

एके दिवशी घुबडांनी तक्रार केली, की आम्ही रात्रीचे जागणारे, आमची पाळी यादीत नाही. वानराने झुंजूमुंजू होताच यादीच्या अगदी वर 'उत्तररात्र' ही नवी ओळ घातली. झाले, सगळ्या पाळ्या एकेक ओळ खाली सरकल्या. टिटवीने टेस्ट चालवल्या आणि तिच्यासमोर लालच लाल दिवे लागले.

"वानरदादा, पेज आत्ता उघडू नका. माझ्या सगळ्या टेस्ट बिघडल्यात," ती म्हणाली.

"बिघडल्यात तुझ्या टेस्ट, माझी पेज नाहीत," वानर शेंगा सोलत म्हणाला. "सगळे तहानलेत. तू बस दुरुस्त करत."

पेज उघडली, तहानलेल्यांनी पाळ्या निवडल्या. टिटवी लाल दिवा लागलेल्या एकेका कॉपीत शिरून 'पाचवी'च्या जागी 'सहावी' लिहीत बसली. मधूनमधून ती धास्तावून ओरडे. हरणे, मोर, डुकरे मान वर करून पाहत आणि पुन्हा खाली घालत. उन्हं डोक्यावर आली तशी टिटवी कंटाळली, तिचे डोळे चुरचुरू लागले. अखेर सगळे दिवे हिरवे झाले आणि तिने दम खाल्ला.

पण स्वभाव कुठे जाणार? तिने सगळ्या कॉप्या शेवटापासून पुन्हा एकदा वाचायला घेतल्या. पहिल्याच, वाघाच्या कॉपीपाशी ती थबकली. तिथे अजून 'पाचवी'च होते. ती दुरुस्त करायची राहूनच गेली होती. आणि तरीही दिवा हिरवा होता.

लाल दिव्याची भीती तिला रोजचीच होती, हिरव्या दिव्याची भीती तिला पहिल्यांदाच वाटली. तिने वाघाचे पेज उघडले, पट्टीवर क्लिक केले, यादी खाली आली. यादीत उत्तररात्र नव्हतीच.

"वानरदादा, वाघोबांच्या यादीत नवी ओळ का नाही?"

"त्यांच्या पेजला कोण हात लावणार?" वानराने आवाज खाली आणला. "काही बिघडलं तर मला फाडून खातील. आणि त्यांना उत्तररात्र हवीये कशाला? दिवा हिरवा आहे ना, मग झालं तर."

"पण पेज पुढे काय पाठवतं? पाळीचं नाव, की ओळीचा आकडा?"

"आकडा," वानर म्हणाला, आणि त्याच्या हातातली शेंग खाली पडली.

दोघांनीही एकदमच हिशेब केला. वाघाने सकाळी सांज निवडली होती. त्याच्या जुन्या यादीत ती पाचवी. निरोप पाठवणारे यंत्र मात्र नव्या यादीप्रमाणे मोजत होते, आणि नव्या यादीत पाचवा होता तिसरा प्रहर. हरणांनी आज तोच निवडला होता. टिटवीने वर पाहिले. सूर्य कलला होता. निरोप केव्हाच गेले होते.

ती पाणवठ्याकडे उडाली. एक हरिणी आपल्या पाडसाला पहिल्यांदाच पाण्यावर घेऊन आली होती. कळप काठाशी उतरला होता, आणि पाडसाचे पुढचे पाय चिखलात रुतले होते.

"पळा, वाघ येतोय," टिटवी ओरडली.

हरिणीने मानही वर केली नाही. "टिटवीताई, सकाळपासून तुझं हेच चाललंय. आम्हाला निरोप आलाय. पाळी आमचीच आहे."

"निरोप त्यालाही आलाय, बाई. यादी चुकली आणि माझी टेस्ट हिरवं म्हणत राहिली. चूक माझी आहे. नुसती घाबरून नाही सांगत, पाहून आलेय."

टिटवीने कधी चूक कबूल केलेली हरिणीने ऐकली नव्हती. तिचे कान ताठ झाले. करवंदीच्या जाळीमागे वाळलेला पाला चुरडल्याचा आवाज आला आणि कळप उधळला. पाडसाचे पाय मात्र चिखलातून सुटेनात. हरिणी मागे वळली. वाघ जाळीतून बाहेर आला, आणि टिटवीने सरळ त्याच्या डोळ्यांवर झेप घेतली. तो चुकवायला खाली वाकला, पुन्हा झेप, पुन्हा वाकला. तेवढ्यात आईने पाडसाला डोक्याने ढकलून मोकळे केले आणि दोघे झाडीत दिसेनाशी झाली.

वाघ चिडून म्हणाला, "मी सांज निवडली होती. मला भर उन्हात बोलावलं कुणी?"

त्यालाही दोष देता येत नव्हता. तो पाणी पिऊन निघून गेला. टिटवी काठावर बसली. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटत होती.

मग तिने सगळ्या कॉप्या पुसून टाकल्या आणि एकच टेस्ट लिहिली. तिला फक्त पेज आणि पाळीचे नाव सांगायचे. ती यादी उघडायची, यादी पूर्ण खाली येईपर्यंत थांबायची, पाळी कितव्याही ओळीत असो, नावाने शोधून क्लिक करायची, आणि निरोप नेमका कोणत्या पाळीचा गेला ते शेवटी तपासायची. हीच टेस्ट तिने प्रत्येक पेजवर, प्रत्येक पाळीसाठी चालवली. वाघाच्या पेजवर लाल दिवा लागला. वानराने घाम पुसत तिथे नवी ओळ घातली आणि दिवा हिरवा झाला.

टेस्ट पुढे चालत गेली आणि बिबट्याच्या पेजवर पुन्हा लाल झाली. वानराने त्यालाही भीतीने हात लावला नव्हता. बिबट्याने सकाळ निवडली तर निरोप पहाटेचा जाणार होता, आणि पहाट ही सशांची आवडती पाळी. त्या दिवशी बिबट्याने पाळीच निवडली नव्हती, एवढ्यानेच ससे वाचले होते. वानराने तिथेही नवी ओळ घातली.

वाघ आधीच पाणी पिऊन गेलेला, म्हणून सांजवेळी हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली. "ताई, तू ओरडलीस म्हणून माझं लेकरू वाचलं," ती म्हणाली.

टिटवीने पाणी पिणाऱ्या पाडसाकडे पाहिले. "तसं म्हणू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "मी वेळेवर एकच टेस्ट नीट लिहिली असती, तर मला ओरडावंच लागलं नसतं. आणि सशांसाठी तर मी ओरडलेही नसते."

तात्पर्य : शंभर ठिकाणी नक्कल करून ठेवलेली राखण एका ठिकाणी हमखास चुकते, नुसती काळजी वाहण्यापेक्षा एकच कसोटी नीट तयार करावी आणि ती सगळ्यांना, ज्यांची भीती वाटते त्यांनाही, सारखीच लावावी.