खोक्यातली घूं

"मग ह्यातलं कुठलं खोकं खरं बोलतं, आप्पा?"

मल्लाप्पा गुरव गप्प. तोंडात दात नव्हते, पण ते काही कारण नव्हे. शिव्या द्यायला त्यांना कधी दात लागले नाहीत.

सिद्धोबाच्या ओवरीत पिराजीनं दोन खोकी मांडली होती. एक जुना रिसीव्हर, लाकडी अंगाचा, चौरंगाएवढा. दुसरा काळा अँप्लिफायर, नुसती बटणंच बटणं. दोन्ही जुन्या बाजारातनं उचललेली. मधे टेप, बाजूला स्पीकर. वायर देवळाच्या बोर्डातनं ओढलेली, पुजाऱ्याला न विचारता.

पिराजी आप्पांचा जुना चेला. मिसरूड फुटायच्या आधी सनई शिकायला आला आणि नुसता आप्पांच्या मागं सुराची नळी फुंकत, सूर धरत राहिला. एकच स्वर. पालखी निघाल्यापासून देव आत जाईपर्यंत. शेवटी रागानं पळाला. शहरात बंगला बांधला, बंगल्यात गाणं ऐकायला वेगळी खोली केली. राग मात्र बरोबरच राहिला, त्याला वेगळी खोली लागली नाही.

आज तो सनई मागायला आला होता. आप्पांची, ओवरीतल्या खुंटीवरची. उद्या पालखी, आणि आप्पांच्या हिरड्यांत सनईच्या तोंडची पत्ती धरवत नव्हती. पिराजीची बोटं तयार होती. शहरात कुणाकुणाकडं जाऊन त्यानं ती केली होती. आप्पांनाही ते ठाऊक होतं.

"कान पक्का झाल्याबिगर सनई देत न्हाई, म्हणाला होता तुम्ही. आता बघा माझा कान."

त्यानं कॅसेट घातली. एका माळ्यावर सापडलेली, वर फक्त आप्पांचं नाव. कुणी भरली, कधी भरली, पत्ता नाही. तीत ढोल नाही, ताशा नाही. आप्पा घरी एकटेच वाजवत बसलेत, असं पिराजीनं धरलं होतं.

रिसीव्हरातनं सनई उठली. भरदार. आणि तिच्या खाली, बारीक... घूं...

"ऐकलं? ही घूं. लाकडी खोक्याचा रोग हाय. वायरी बदलल्या, कंडेन्सर बदलला. जात न्हाई."

आप्पांनी डोळे मिटले.

"आता हे." पिराजीनं जोडणी काळ्या खोक्याला दिली. बास पार खाली उतरवला, एक बटण खट्कन दाबलं. "घूं खलास. नुसते तुम्ही."

"मी?" आप्पांनी डोळे उघडले. "ही सनई व्हय रं? जत्रंतली पिपाणी हाय ही. रडत्या पोराच्या हातात देतात तसली."

पिराजीचं टाळकं सरकलं. "माझं कधी काय चांगलं दिसलंय तुम्हाला? म्हैनेच्या म्हैने ह्या खोक्यांपायी..."

"पहिलं लाव."

"त्यात घूं हाय, म्हंतोय न्हवं!"

"लाव, मुडद्या!"

लावलं. सनई चढत गेली... आणि फाटली. मग नुसता खोकला. कोरडा, लांबलेला.

"हितं तुम्हाला ठसका लागला," पिराजी म्हणाला. "तेवढा मी पुसून टाकणार हाय."

"आन् घूं?"

"ती कुठं थांबती? हेच सांगतोय. तुमचा दम तुटला तरी तिला काय न्हाई. माणूस असता तर तुटला असता. म्हणजे ती मशीनची. एवढं कळतं मला."

आप्पा उठले. बोर्डातनं वायर खस्सकन खेचली. ठिणगी उडाली.

"पालखी कुठं होती तवा?"

"कसली पालखी?"

"मला ठसका लागला तवा! घरात बसून कोण वाजवतंय, भाड्या? पालखी देवळाच्या पायऱ्यांवर होती. पायऱ्यांवर ढोल-ताशा चालतो का?"

"...न्हाई. नुसती सनई आन् सूर."

"आन् तिथं आवाज बंद पडला तर?"

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पायऱ्यांवर आवाज तुटला, तर भोयांनी पालखी तिथंच टेकायची. मग पुढच्या पालखीपर्यंत देव उघड्यावर. ऊन, पाऊस, काय असेल ते.

"टेकली?" आप्पा ओरडले. खांबावरची कबुतरं उडाली. "टेकली का भोयांनी?"

"न्हाई..."

"का न्हाई टेकली?"

पिराजीच्या गालांत कळ आली. जुनी, ओळखीची. तोंडात सुराची नळी, फुगवलेल्या गालांत कोंडलेला वारा, नाकानं ओढलेला दम, डोळ्यांतनं पाणी... आणि पुढं आप्पा, ओणवे होऊन खोकताहेत. पालखी वर चढली, देव आत गेला, खोबरं वाटलं. आप्पांनी त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तसाच, फडकं खांद्यावर टाकून, तो गाव सोडून गेला होता.

त्यानं लाकडी खोक्याकडं पाहिलं. मग काळ्याकडं.

"एक शब्द..." तो आप्पांकडं वळला. "त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असता, तर मी का पळालो असतो?"

"रोग म्हणालास," आप्पा म्हणाले. "वायरी बदलल्यास तू."

"तुम्ही का न्हाई बोलला!"

आप्पांनी खुंटीवरनं सनई काढली आणि पिराजीच्या छातीवर अशी दाबली, की तो दोन पावलं मागं गेला.

मग ते कोनाड्याकडं गेले. सुराची नळी तिथं पडून होती, पळताना पिराजीनं टाकली होती तशी. धोतराच्या सोग्यानं पुसली. येऊन बसले ते पिराजीच्या मागं, चेल्याच्या जागी.

हिरड्यांत पत्ती दाबून फुंकर घातली. नुसता वारा आला. पुन्हा घातली. वाराच.

पिराजी गर्रकन वळला. "आप्पा, दात न्हाईत तुम्हाला. उद्या पायऱ्यांवर माझा दम गेला आन् सूरबी तुटला, तर देव वर्षभर भाईर..."

"म्होरं बघ," आप्पा खेकसले. "मी धरतो. तुटला, तर माणूस हाय म्हण."