कडूकंदाची ओळ

फार मागची गोष्ट. पाडव्याचा दिवस होता आणि सूर्य उगवून बरोबर सहा घटका झाल्या होत्या. तेव्हा एक बाई आजारी लेक खांद्यावर टाकून राजाच्या पोथीशाळेत शिरली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

आत दोरे मोजत होते. त्या राज्यात रीतच होती तशी. एका पंडिताने दुसऱ्याच्या पोथीतली ओळ आपल्या पोथीत घेतली, की ती ओळ मुळात ज्याने लिहिली, त्याच्या पोथीवर गुंडाळलेल्या रुमालाला एक दोरा बांधायचा. वैद्याचा हिरवा, जोतिष्याचा पिवळा, पाकशास्त्र्याचा लाल. ज्याचे दोरे जास्त आणि रंगही जास्त, तो वर्षभर राजाच्या उजव्या हाताला बसणार.

यंदा एका शास्त्रीबुवांच्या एकतिसाव्या पोथीला तिन्ही रंगांचे दोरे लागले होते. शेजारचा पंडित म्हणाला, "बुवा, रुमाल दिसेनासा झाला! आता ही पोथी उघडायची म्हटली तरी सुटायची नाही."

बुवा हसले. "उघडायची कशाला? दोरे बाहेरूनच मोजतात."

दारावरचा शिपाई बाईला अडवत होता. "अगं बाई, आज मोजणी आहे. उद्या ये."

"उद्यापर्यंत ही पोर थांबायची नाही, दादा."

ती तशीच बुवांसमोर आली. "महाराज, देवळात पुराणिकांनी तुमच्या पोथीची नक्कल वाचून दाखवली. 'कडूकंद चिरावा, उकडावा, खावा.' दुष्काळात घरात दुसरं काही नव्हतं. मी चिरला, उकडला, हिला भरवला. कालपासून हिच्या पोटात पाणी ठरत नाही. माझं काय चुकलं ते सांगा."

बुवांचा चेहरा उतरला. त्या कंदाची कृती त्यांनी डोंगरातल्या एका म्हातारीकडून ऐकली होती. मोजणी जवळ आलेली आणि म्हातारी सावकाश बोलणारी. आधी चिरायचा, शेवटी उकडायचा, एवढं ऐकून ते उठले होते. "मधलं राहिलंय रे बाबा," म्हातारी म्हणाली होती. "पुढच्या खेपेला ऐकतो," म्हणून ते निघाले, ते पुन्हा गेलेच नाहीत.

बुवा वैद्यांकडे वळले. "तुम्ही ही ओळ घेतलीत. कंद पाहिला होतात?"

"मी पाकशास्त्र्यांच्या पोथीवरून घेतली."

पाकशास्त्री म्हणाले, "मी जोतिषीबुवांच्या पोथीवरून. कंद कोणत्या वारी खणावा, ते त्यांनी लिहिलंय ना."

जोतिषी खाली बघत म्हणाले, "शास्त्रीबुवांनी लिहिलंय म्हटल्यावर मी वार तेवढा पाहिला."

इतके दोरे, पण बांधणाऱ्यांत कंद जिभेवर ठेवलेला एकही नव्हता.

बुवांनी पोरीला उचललं आणि डोंगराची वाट धरली. आई मागून धावत होती. म्हातारीने पोरीचं पोट चाचपलं. म्हणाली, "चिरल्यावर तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा असतो, बाबा. विष पाण्याबरोबर जातं. आता माझ्याकडे उतारा नाही. उतारा त्या मधल्या बोलण्यातच होता."

दिवस मावळायच्या आत लेकीने आईच्या मांडीवर प्राण सोडला.

आईने विचारलं, "अजून किती घरांत वाचलीय हो ती ओळ?"

दोरे किती ते बुवांना पाठ होतं, घरं किती ते नव्हतं.

राजाच्या उजव्या हाताला दुसरंच कोणी बसलं. बुवा गावोगाव चालत राहिले. ओळ दिसेल तिथे शाई फासायची, खरं काय ते सांगायचं, पुढे निघायचं. एका गावात पुसावी, तर पुढच्या गावात तिच्यावरून आणखी दोन पोथ्या झालेल्या. बुवांचे पाय थकले, आयुष्य सरलं, तरी ओळ त्यांच्या पुढेच होती.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, अर्धं ऐकलेलं शंभर जणांनी उतरवून घेतलं तरी पुरं होत नाही.

ती ओळ अजून कुठे वाचली जात असेल. कानावर आली तर वाचणाऱ्याला तिथेच थांबवा, आणि तीन रात्री वाहत्या पाण्याचं शेजारच्या घरीही सांगून या.